लोरेनखालाच्या पत्रातलं गाळलेलं वाक्य

लोरेनखाला, तू मला शेवटचं काय म्हणालीस, असं हुदाने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुझी मुलगी समोर बसलेली, डोळे सुजलेले, हातात तुझा निळा रुमाल. मी म्हटलं, "त्यांनी मला दुआ दिली." तिला बरं वाटलं. तू दुआबिआ काही दिली नव्हतीस. तू तोंड भिंतीकडे फिरवून म्हणालीस, "आज जा." आणि मी गेले. चिडून गेले, चपला नीट न घालता गेले.

आज बावीस दिवस झाले. घरात काहीही करायला गेले तरी मधेच उठते. भात लावते आणि विसरते. माझा नवरा इक्बाल म्हणतो, पेशंट जातात, तू पहिल्यांदा पाहतेयस का? खरं आहे. पण पेशंट जाणं वेगळं आणि तू भांडण अर्धं ठेवून जाणं वेगळं.

आपण इंग्रजीत बोलायचो, त्यामुळे तुला तू म्हणावं की तुम्ही, हा प्रश्न कधी आला नाही. आता मराठीत लिहायला बसल्यावर आला. तुझं वय शहात्तर, माझं एक्केचाळीस. पण आमच्या कोकणातल्या घरांत खालाला, म्हणजे मावशीला, तूच म्हणतात. इथे शेजारच्या अरब बायकाही मोठ्या बाईला खालाच म्हणतात. तेव्हा तू.

पहिल्या दिवशी फाइलवर ‘अमेरिकन, निवृत्त नर्स, खुब्याचं हाड मोडलेलं’ एवढंच होतं. मी मनात एक गोरी बाई धरून इथल्या मलाज वस्तीतल्या तुझ्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर चढले. पलंगावर तू बसलेलीस, काळी, रुंद खांद्यांची, निळा रुमाल बांधलेली. तेव्हा तुझे डोळे अजून शाबूत होते. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ तू लगेच वाचलास. "चुकीच्या घरात नाही आलीस," म्हणालीस, "आत ये."

मग दीड वर्ष, आठवड्यातून तीन दिवस, मी तुझी फिजिओथेरपिस्ट. रविवार, मंगळवार, गुरुवार. पाय वर, पाय खाली, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. मी सवयीने मराठीत मोजायचे, तर तू आठवड्याभरात ते उचललंस. "एक, दोन, तीन, चाऽऽर," असा तो चार ओढायचीस, गाण्यासारखा. दहा झाले की म्हणायचीस, "खलास!" आणि मी म्हणायचे, "खलास नाही, अजून दहा." सुदानच्या डॉक्टरशी लग्न करून तू पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आलीस, नवरा गेला तरी राहिलीस. अमेरिकेला परत का गेली नाहीस, असं मी एकदा विचारलं. "तिथे एक रस्ता आहे," म्हणालीस, "त्यावरून मला चालायचं नाही." मी समजले, खुब्याबद्दल बोलतेयस.

तो रस्ता पुढे कळला, तोही एका क्षुल्लक गोष्टीवरून. हिवाळ्यात तू हीटर लावायला सांगितलंस आणि सहज म्हणालीस, माझे वडील शनिवारी दुसऱ्यांचे हीटर लावायचे. मी विचारलं, ज्यूंचे? तू वॉकर थांबवलास. "तुला कसं माहीत?"

मला माहीत असणारच. आमच्या रायगडातल्या गावात शेजारच्या घरी रिबकाआत्या होती. बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू. जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, घाण्यावरचे तेली, शनिवारी घाणा बंद. शनिवारी ती विस्तव पेटवत नसे, म्हणून मी परकर सावरत कुंपण ओलांडून जायचे आणि तिचा गॅस पेटवून यायचे. बदल्यात सणासुदीला मलिदा मिळायचा, पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. गावात त्यांचं प्रार्थनाघर होतं. त्याला सगळे मशीदच म्हणायचे. आमची ती आमची मशीद, त्यांची ती इस्रायलांची मशीद. हे ऐकून तू इतकी हसलीस की मला तुझी पाठ धरावी लागली.

"आणि कोणी दगड मारला नाही तिच्यावर? कधीच?"

"कशाला मारतील?"

तू हसायची थांबलीस. त्या दिवशी व्यायाम झाला नाही. तू बोललीस आणि मी तुझा पाय मांडीवर घेऊन नुसती बसले.

तुझं गाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं, लहानसं. तुझे वडील तिथल्या ज्यूंच्या सिनॅगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, झाडलोट करायचे, बाक पुसायचे, शनिवारी दिवे-हीटर बघायचे. तिथल्या रब्बींनी, त्यांच्या धर्मगुरूंनी, भर सभेत सांगितलं होतं की काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसू द्या. त्यानंतर त्यांच्या घरी धमकीचे फोन येऊ लागले. रब्बींचं घर सिनॅगॉगच्या मागच्या अंगाला चिकटून. त्यांची बायको तुला जुनी पुस्तकं द्यायची, मागच्या दाराने, पण हातात हात घेऊन.

एका रविवारी संध्याकाळी तू वडिलांबरोबर सिनॅगॉगचा कचरा बाहेर टाकायला गेलीस. तू नऊ वर्षांची. मागच्या तळघराच्या पायऱ्यांपाशी एक माणूस वाकलेला होता, शेजारी कॅनव्हासची पिशवी. तो उभा राहिला. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याने वडिलांना नावाने हाक मारली आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "पुष्कळ काम झालं आज. मुलीला घेऊन घरी जा." वडिलांनी तुझा हात धरला. "ते धावले नाहीत," तू म्हणालीस. "आम्ही रोजच्यासारखेच चालत गेलो. हातातून मात्र मला त्यांची नाडी लागत होती."

पहाटे स्फोट झाला. तुमच्या घरातली भांडी फळीवरून पडली. कोणी मेलं नाही. रब्बींच्या बायकोच्या तोंडावर खिडकीची काच आली आणि तिचा एक डोळा गेला.

पोलिसांनी तुझ्या वडिलांना विचारलं. "काही पाहिलं नाही, साहेब." मग रब्बींनी विचारलं, एकट्याला, हळू आवाजात. तेच उत्तर. तीन दिवस वडील काचा गोळा करत होते आणि तू सुपली धरून उभी होतीस. त्या दुकानदाराला कोणी कधी हात लावला नाही. म्हातारा होऊन पलंगावर मेला. तुमच्या घराला लागणारे खिळे शेवटपर्यंत त्याच्याच दुकानातून यायचे.

खाला, तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलं नाही. मी तुझ्या वडिलांच्या बाजूने. मी म्हणायचे, काय करणार होता तो माणूस? चार पोरं घरात. पोलीस तरी कोणाचे होते? तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी झाडाला लटकलेला दिसला असता. तू मान हलवायचीस.

"पोलिसांकडे जा असं कोण म्हणतंय? रब्बींचं मागचं दार दहा पावलांवर होतं. दार वाजवायचं आणि म्हणायचं, बाई, आज इथे झोपू नका. कोणाचं नाव घ्यायची गरज नव्हती. दहा पावलं, शबाना."

 मग मी उगाच जोरात मोजायला लागायचे.

मे महिन्यात तू म्हणालीस, पत्र लिहायचंय. ते सिनॅगॉग अजून उभं आहे, लोक येतात-जातात, त्यांना कळू दे. हाताला कंप, आणि तोवर नजरेच्या मधोमध काळा डाग पडलेला, अक्षर दिसत नव्हतं. तू सांगायचीस, मी फोनवर टाइप करायचे आणि शेवटी वाचून दाखवायचे. रोज तीन-चार ओळी, पायाच्या व्यायामानंतर. दुकानदाराचं नाव घातलंस. वडिलांचं नाव घातलंस. मग एका मंगळवारी म्हणालीस, "आता माझं लिही. मी नऊ वर्षांची होते आणि मला सगळं कळलं होतं."

मी थांबले. "खाला, नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं?"

"पिशवीत काय आहे ते कळलं होतं. वडील का घाबरले ते कळलं होतं. तीही दहा पावलं चालू शकत होती, तिला तर कोणी मारलंही नसतं. त्या बाईने पुस्तकं दिली होती मला. लिही."

आता जे सांगतेय ते तुला कधीच सांगितलं नाही. मी लिहिलं नाही. मी टाइप केलं, ‘मी फक्त नऊ वर्षांची होते.’ बास. आणि वाचून दाखवताना तुझं वाक्य वाचलं, जसंच्या तसं, आवाज न चळता. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "शुक्रन, बेटा." बेटा हा शब्द तू माझ्याकडूनच शिकली होतीस.

मला वाटलं, मी तुझ्यावर माया करतेय. शाळकरी पोरीवर कोणी बोट ठेवू नये, तिने स्वतःसुद्धा. माझी सानिया अकरा वर्षांची. तिच्यावर असलं ओझं मी टाकू दिलं नसतं. पण तुझे डोळे गेलेत याचा मी फायदा घेतला, खाला. साडेसहा दशकं गप्प राहिलेली बाई एकदा बोलली, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मग तो शुक्रवार. आमच्याकडची चार कुटुंबं इक्बालच्या एका मित्राकडे जेवायला जमली होती. फोनवर बातमी आली, परदेशात कुठल्याशा शहरात सिनॅगॉगला आग लावली. यजमान म्हणाले, "बरं झालं. भोगू देत." दोघंतिघं हसले. युद्धाच्या बातम्यांनी सगळ्यांचीच मनं होरपळलेली होती. माझंही. ढिगाऱ्यातून काढलेली ती पोरं बघून मी रडले होते, तूही रडली होतीस, हुदाने टीव्ही बंद केला होता. तेवढ्यात सानियाने विचारलं, "मम्मा, सिनॅगॉग मतलब?"

तीन शब्द पुरले असते. त्यांची मशीद असते. गावाकडे असंच तर म्हणायचो. पण माझ्याआधी यजमानच म्हणाले, "दुश्मनों का अड्डा, बेटा." सानियाने मान डोलावली. मी रायत्याची वाटी पुढे केली.

रविवारी तुझ्या पायाला पट्टा बांधताना मी हे तुला सांगितलं. खरं सांगू? तक्रार म्हणून सांगितलं. बघ कशी असतात माणसं. मला वाटलं, तू म्हणशील, तू वेगळी आहेस.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी रायतं वाढत होते."

तू पाय मागे घेतलास. "बॉम्ब टाकणारे वेगळे, शबाना, आणि शनिवारी देवापुढे बसलेली म्हातारी वेगळी. हे मला सांगायला रिबकाआत्या नव्हती. मला सिनॅगॉग म्हटलं की आठवतात त्या काचाच. तू तर मलिदा खाल्लास तिचा." मग श्वास घेतलास. "माझ्या वडिलांच्या गळ्याशी दोर होता. तुझ्या गळ्याशी काय होतं?"

मला राग आला. मी म्हटलं, तुला काय होतंय बोलायला, तुझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. आमचा इथे राहायचा इकामा आहे, नवऱ्याची नोकरी आहे, त्याचे मित्र आहेत. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर कोणी कोणाचा इकामा काढून घेत नाही. तू भिंतीकडे वळलीस.

"आज जा."

मंगळवारी मी ऑफिसला कळवलं, ताप आहे. ताप नव्हता. घरात बसून मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते, एकाहून एक चांगली. गुरुवारी मात्र यायचं ठरवलं होतं. मेट्रोच्या स्टेशनवर उभी असताना हुदाचा फोन आला. सकाळच्या नमाजनंतर तू परत झोपलीस आणि उठली नाहीस. दुपारच्या अस्रच्या नमाजनंतर जनाजा. मी मशिदीत बायकांच्या बाजूला उभी राहिले. पुढे काहीच दिसत नव्हतं, नुसता इमामाचा आवाज. जनाजाच्या नमाजात चार तकबीरी होतात, चारदा ‘अल्लाहु अकबर’. मी मनात मोजल्या, आणि चौथी तुझ्यासारखी ओढली, चाऽऽर.

पुढचं सांगायचं तर तुला आवडेल असं फार थोडं घडलंय.

पुढच्याच शुक्रवारी मी इक्बालला म्हटलं, त्यांच्याकडे जाऊ या. यजमानांनी चहा मांडला. मी म्हटलं, "भाई, त्या दिवशी तुम्ही सानियाला जे सांगितलंत ते चूक होतं. ते लोक माझे शेजारी होते. ती त्यांची मशीद असते." आवाज हवा तसा निघाला नाही. ते म्हणाले, "भाभी, तुम्ही उगाच मनावर घेता. जाऊ द्या." त्यांच्या बायकोने मात्र कप जरा जोरात ठेवला, आणि तेव्हापासून तिचा फोन नाही.  घराखाली गाडी लावल्यावर इक्बाल म्हणाला, "मला आधी सांगायचं तरी." मी म्हटलं, सांगितलं असतं तर नेलं असतंस? तो किल्ली घेऊन उतरला. अजून आमच्यात ते तसंच पडलंय. सानियाने मात्र रात्रीच्या जेवणाला विचारलं की रिबकाआत्या शनिवारी पंखा लावायची का. मला आठवेना. मी आईला गावी फोन करून विचारलं. आई म्हणाली, शुक्रवारी लावून ठेवायची, तसाच फिरत राहायचा.

आणि पत्र. मी ते हुदाला दिलं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. तू तिला कसं सांगितलं नाहीस, खाला? तिने वाचलं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "हे जाणार नाही. माझे आजोबा गेलेत, ते उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांचं नाव परक्या लोकांपुढे भित्रा म्हणून टांगायचं? आणि अम्मीचंही?"  तिचा हक्क होता. मी कोण, आठवड्यातून तीनदा येणारी.

आठ दिवसांनी तिनेच बोलावलं. तुझा पलंग काढून टाकला होता, गालिच्यावर चार खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. ती म्हणाली, "मी ते पुन्हा पुन्हा वाचतेय. एक गोष्ट जुळत नाही. अम्मी लिहिते, मी फक्त नऊ वर्षांची होते. अम्मीने आयुष्यात स्वतःला अशी सूट कधी दिली नाही. मला चौथीत खोटं बोलले म्हणून उभं केलं होतं तिने, तू लहान आहेस असं कधी म्हणाली नाही."

मला पळून जावंसं वाटलं. मी सांगितलं. काय टाइप केलं, काय वाचून दाखवलं, सगळं. हुदा ओरडेल असं वाटलं होतं. ती उठून खिडकीपाशी गेली.

"खरं वाक्य काय होतं?"

मी म्हटलं, "मी नऊ वर्षांची होते आणि मला सगळं कळलं होतं."

ती पाठमोरी उभी होती. खांदे हलले. म्हणाली, "हो. ही अम्मी." मग परत येऊन बसली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "लिही."

मी लिहिलं. तिने स्वतः दोनदा वाचलं, माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवू नये. मग तिनेच पाठवलं.

इक्बाल म्हणाला, नसत्या भानगडीत पडलीस. असेन. मी चार दिवस हुदाचा निरोप बघायला फोन उघडत होते, बंद करत होते. तुझ्यावर रागावतही होते. इतकी वर्षं होती तुझ्याकडे, आणि हे काम तू एका मोडलेल्या खुब्यानंतर माझ्यावर ठेवलंस. आणि त्याच क्षणी वाटायचं, माझ्यावरच ठेवलंस, दुसऱ्या कोणावर नाही.

काल हुदाकडे उत्तर आलं. तिने मला बोलावून वाचायला दिलं. लहानसंच. त्यांच्या ऑफिसातल्या कोणा बाईंनी लिहिलंय. रब्बी आणि त्यांची बायको जाऊन फार वर्षं झाली. तो दुकानदार असावा, असं गावात पुष्कळांना वाटायचं, पण पाहिलं असं म्हणणारं कोणी कधी पुढे आलं नाही. तुझ्या वडिलांना ओळखणारी दोन म्हातारी माणसं अजून येतात. माफ केलं असं त्यात कुठेही नाही, खाला. नाही ते बरंच झालं. तू सोप्या शब्दांवर चिडली असतीस. शेवटी एवढंच विचारलंय की येत्या शनिवारी प्रार्थनेनंतर हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं तर चालेल का. आणि लहानपणाबद्दलची ती ओळ घरच्यांना नको असेल तर ती गाळायची त्यांची तयारी आहे.

हुदाने माझ्याकडे पाहिलं. "हे उत्तर तू लिही," म्हणाली.

 मी लिहिलं, वाचा. एकही शब्द गाळू नका.